टोचल्यानंतरचा अर्धा तास

पाचवीत असाल, तर तुमच्या शाळेत टीडीची लस द्यायला आरोग्यसेविका येऊन गेल्या असतील, नाहीतर लवकरच येतील. धनुर्वात आणि घटसर्प या दोन रोगांना अडवणारी ही लस दहाव्या वर्षी एकदा आणि सोळाव्या वर्षी पुन्हा घ्यायची असते. रांगेत उभं असताना पोटात गोळा येतो, पण प्रत्यक्ष टोचणं म्हणाल तर ‘आई गं’ म्हणेपर्यंत संपलेलंसुद्धा असतं. खरा कंटाळा त्याच्या पुढे. दंडावर कापसाचा बोळा धरून बाकावर बसून राहायचं, तेही चांगलं अर्धा तास! “ताई, मला काहीसुद्धा होत नाहीये, जाऊ का?” असं कितीही विनवलं तरी उत्तर एकच, “बस अजून थोडा वेळ.”

टोचून तर झालं, मग ताई वाट कशाची बघतायत?

त्या अशा एका गोष्टीवर नजर ठेवून असतात, जी त्यांनी स्वतः कदाचित एकदाही पाहिलेली नसेल. अमेरिकेत २००९ ते २०११ या काळात दिलेल्या लसींच्या नोंदी संशोधकांनी बारकाईनं तपासल्या. २ कोटी ५१ लाखांहून जास्त डोस होते ते. त्यांत ही गोष्ट घडली होती ३३ वेळा. म्हणजे दहा लाख डोसांमागे साधारण एकदा. तिचं नाव अ‍ॅनाफिलॅक्सिस. दोन-तीनदा मोठ्यानं म्हणून बघा, बसेल तोंडात. एखाद्या पदार्थाचं वावडं, म्हणजे अ‍ॅलर्जी, जेव्हा एकदम आणि साऱ्या अंगभर उसळते, तेव्हा तिला हे नाव देतात.

इतकी दुर्मीळ गोष्ट, तर तिच्यासाठी प्रत्येक मुलाला अर्धा तास का अडवायचं? कारण ती येते काही मिनिटांत, आणि काही मिनिटांत ओळखली तर तिच्यावरचं औषधही तितकंच झपाट्यानं काम करतं. सगळी मेख आहे ती ‘ओळखली तर’ या दोन शब्दांत. आणि ओळखणं दिसतं तेवढं सोपं नाही. ते का, हे समजायचं तर आधी समुद्रावर जायला हवं.

मोनॅको नावाच्या चिमुकल्या देशाचे राजे आल्बेर पहिले यांना समुद्राचं विलक्षण वेड होतं. आपल्या जहाजावर शास्त्रज्ञांना घेऊन ते लांबलांबच्या सफरी करत. १९०१ सालच्या जुलैत निघालेल्या सफरीत शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर होते. पाण्यावर निळ्या फुग्यासारखा तरंगणारा आणि लांब धाग्यांनी डंख करणारा एक प्राणी असतो, त्याच्या विषाचा अभ्यास करा, असं त्यांना सुचवण्यात आलं. मुंबईकर मुलांनो, या प्राण्याचे भाऊबंद तुम्ही पाहिलेही असतील. पावसाळ्यात जुहूच्या, गिरगावच्या वाळूवर निळे चकचकीत फुगे वाहून येतात आणि पायाला धागा लागला की आग आग होते, तेच हे. ब्लू बॉटल म्हणतात त्यांना. मेलेला दिसला तरी हात लावू नका बरं का, धागे तेव्हाही डसतात.

पॅरिसला परतल्यावर हे फुगे कुठून मिळणार? मग दोघांनी सी अ‍ॅनिमोन, म्हणजे खडकाला चिकटून राहणारं समुद्रफूल, याचं विष घेऊन काम पुढे चालवलं. त्यांचा विचार अगदी सरळ होता. कुत्र्याला आधी विषाचा बेताचा डोस द्यायचा, तो बरा झाला की काही दिवसांनी पुन्हा द्यायचा. लसीनं जसं शरीर रोगाला तोंड द्यायला शिकतं, तसं ते विषालाही तोंड द्यायला शिकेल.

त्या कुत्र्यांमध्ये नेपच्यून नावाचा एक होता, चांगला धडधाकट. पहिल्या डोसानं त्याला फारसं काही झालं नाही. तीन-चार आठवडे गेले. पुन्हा एक लहानसा डोस दिला, आणि काही सेकंदांतच त्याला धाप लागली, उभं राहवेना, रक्ताची उलटी झाली. पंचवीस मिनिटांत तो मेला. वाचतानाही वाईट वाटतं. रिशे तर चक्रावूनच गेले, कारण त्यांनी अपेक्षा केली होती त्याच्या नेमकं उलट घडलं होतं. दुसऱ्या कुत्र्यांवरही तेच दिसलं. पहिल्या खेपेनं शरीर कणखर व्हायच्या ऐवजी हळवं होऊन बसत होतं. १९०२ मध्ये रिशे यांनी या प्रकाराला अ‍ॅनाफिलॅक्सिस हे नाव दिलं आणि १९१३ मध्ये याच कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

मला यातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते ती अशी, की शरीर आठवण ठेवतं म्हणून लस उपयोगी पडते, आणि शरीर आठवण ठेवतं म्हणूनच अ‍ॅनाफिलॅक्सिसही होतं. आठवण ठेवण्याची ताकद एकच. फक्त अ‍ॅलर्जीत ती एखाद्या निरुपद्रवी पदार्थावर जाऊन बसते.

कशी, ते बघू. आपल्या कातडीखाली, श्वासनलिकेच्या आणि आतड्याच्या अस्तरात, रक्तवाहिन्यांच्या कडेकडेनं मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. १८७८ मध्ये पाउल एर्लिख नावाच्या जर्मन तरुणानं कापड रंगवायचे रंग वापरून त्या सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसतील अशा केल्या. डाळिंब फोडल्यावर आत दाणे ठासून भरलेले दिसतात ना, तशा या पेशी कणांनी गच्च भरलेल्या असतात. एर्लिखला वाटलं, या खाऊनपिऊन टुम्म झाल्या असाव्यात! प्रत्यक्षात ते कण म्हणजे त्यांनी खाल्लेलं अन्न नव्हतं, त्यांनी साठवून ठेवलेली रसायनं होती. त्यांतलं एक हिस्टामिन.

या पेशींच्या अंगावर आयजीई नावाची प्रथिनं चिकटून बसलेली असतात. त्यांचा शोध फार नंतर, १९६०च्या दशकात लागला. अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी नवरा-बायकोनं लावला, आणि स्वीडनमध्ये दुसऱ्या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे. शरीरानं एखाद्या पदार्थाची चुकून ‘हा वाईट’ अशी आठवण ठेवली, की त्या पदार्थाला पकडणारी आयजीई तयार होतात आणि मास्ट पेशींवर जाऊन दबा धरतात. तो पदार्थ पुन्हा आला की शेजारशेजारची आयजीई त्याला धरतात, आणि पेशी आपले कण भसाभस बाहेर टाकते. हिस्टामिन सुटलं की बारीक रक्तवाहिन्या सैलावतात आणि पाझरायला लागतात. म्हणून कातडीवर पित्त उठतं, ओठ-पापण्या सुजतात, आणि रक्तदाब घसरतो. श्वासनळ्यांचे स्नायू आवळले जातात, म्हणून छातीतून सूंऽसूं आवाज येतो. आतड्याचे स्नायू आवळले की पोटात कळा, उलट्या.

आता मघाशी सांगितलेल्या जागा आठवा. कातडी, श्वासनलिका, आतडं, रक्तवाहिन्या. जिथं जिथं मास्ट पेशी, तिथं तिथं त्रास, आणि तोही एकाच वेळी. अ‍ॅनाफिलॅक्सिस ओळखायची किल्ली हीच आहे.

समजा, शाळेच्या व्हरांड्यात लसीकरण चाललंय. एका मुलाचा नंबर येतो. सुई दिसताच तो पांढराफटक पडतो, कपाळावर गार घाम फुटतो, “डोळ्यांपुढे अंधारी आली” म्हणतो आणि खाली बसकण मारतो. ताई त्याला आडवं करतात, पाय जरा उंच ठेवतात, मनगट धरून नाडी बघतात. नाडी संथ. दोन-तीन मिनिटांत पठ्ठ्या डोळे उघडून विचारतो, “टोचलं का?” ही झाली भोवळ. भीतीनं येते, सकाळपासून पोटात काही नसलं तर आणखी लवकर येते. लसीशी तिचा काही संबंध नाही, कारण ती टोचायच्या आधीही येऊ शकते. शिवाय एकाला आलेली बघून रांगेतल्या आणखी दोघांना येते. जागतिक आरोग्य संघटनेनं तर २०१९ मध्ये अशा घाबरण्यातून होणाऱ्या त्रासांवर एक आख्खी मार्गदर्शिकाच काढली.

आता दुसरी मुलगी घ्या. टोचून दहा मिनिटं झाली, मजेत गप्पा मारत बसली होती. अचानक तळहात खाजवायला लागते. मग मान, मग पोट. ताई बाही वर करून बघतात, तर हातभर लालबुंद गांध्या. आवाज घोगरा झालाय, सारखा कोरडा खोकला येतोय, श्वास घेताना छाती ओढली जातेय. नाडी भरभर चाललीय, पण बोटांना अगदी बारीक लागतेय. आडवं केलं तरी बरं वाटत नाही. पहिल्या मुलाचं दुखणं जसं आलं तसं ओसरलं, हिचं मिनिटामिनिटाला वाढतंय आणि एका जागी थांबत नाहीये.

पुस्तकात हे किती स्वच्छ दिसतं! खऱ्या व्हरांड्यात तसं नसतं. काही जणांच्या अंगावर पित्त उठतच नाही, एकदम श्वासच अडतो. तान्ह्या बाळाला तर ‘मला खाज येतेय’ हे सांगताही येत नाही. आणि बाळांना मोठ्या मुलांसारखी भोवळ सहसा येत नाही, म्हणून लस दिल्यावर बाळ एकाएकी मलूल पडलं तर ‘घाबरलं असेल’ म्हणून कोणी सोडून देत नाही. (टोचलेल्या जागी दुखणं, लाली, रात्री थोडा ताप, हे सारं वेगळं. ते कितीतरी जणांना होतं आणि दोन दिवसांत जातं.)

लसीकरणाच्या ठिकाणी या मुलीसाठी एक पेटी तयार असते. पुढच्या वेळी ताईंना विचारा, दाखवतील. आत करंगळीएवढ्या काचेच्या कुप्या असतात. एका कुपीत एक मिलिलिटर पाण्यासारखं औषध आणि त्यात एक मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन. शेजारी सिरिंज, सुया, आणि किती वयाच्या माणसाला किती द्यायचं याचा तक्ता. पंचवीस किलोच्या मुलाला पाव मिलिलिटर पुरतं. म्हणजे कुपीचा चौथा हिस्सा, काही थेंबच म्हणा ना! ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत खोल टोचतात. सैलावलेल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आवळलेल्या श्वासनळ्या मोकळ्या होतात. अ‍ॅड्रेनलिन आपल्याही शरीरात मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथींत तयार होतं, पण अशा वेळी ते कमी पडतं. ते शुद्ध रूपात वेगळं केल्याचं जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञानं जाहीर केलं १९०१ मध्ये, रिशे सफरीला निघाले त्याच वर्षी. इंजेक्शन देतानाच कोणीतरी १०८ नंबरला फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स बोलावतं, कारण बरं वाटलं तरी पुढचे काही तास इस्पितळात डॉक्टरांच्या नजरेखाली राहावंच लागतं.

तर मुलगी बरी झाली. इथं गोष्ट संपली असं वाटेल. पण नाही, इथून दुसऱ्या माणसांचं काम सुरू होतं.

ताईंसमोरचा प्रश्न होता, ‘आत्ता काय करू?’ आता प्रश्न येतो, ‘ते नक्की काय होतं?’ कारण लस सुरक्षित आहे की नाही हे सांगायचं तर मोजायला हवं, आणि मोजायचं तर काय मोजतोय ते आधी ठरायला हवं. एका देशातले डॉक्टर नुसतं पित्त उठलं तरी अ‍ॅनाफिलॅक्सिस लिहितात आणि दुसऱ्या देशातले माणूस कोसळला तरच लिहितात, असं झालं तर? दोन्ही देशांचे आकडे शेजारी मांडून काहीही कळणार नाही. बरीच वर्षं असाच गोंधळ होता.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटन नावाचं शहर आहे. तिथल्या एका परिषदेत मांडलेल्या कल्पनेतून २००० साली देशोदेशींच्या तज्ज्ञांचा एक गट उभा राहिला, ब्रायटन कोलॅबरेशन. लसीनंतर होणाऱ्या प्रत्येक त्रासाची साऱ्या जगाला चालेल अशी व्याख्या करायची, हे त्यांचं काम. अ‍ॅनाफिलॅक्सिसची व्याख्या त्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०२३ मध्ये सुधारली. २००७च्या व्याख्येचा गाभा असा, की त्रास अचानक सुरू झाला पाहिजे, झपाट्यानं वाढला पाहिजे आणि शरीराच्या किमान दोन व्यवस्थांत दिसला पाहिजे. नुसतं कातडीवर दिसलं तर चालणार नाही, नुसतं पोट बिघडलं तर चालणार नाही. बघा, मास्ट पेशी कुठं कुठं राहतात तेच पुन्हा इथं नियमाच्या रूपात आलं!

या व्याख्येत पायऱ्या आहेत, १, २ आणि ३. मोठी माणसंही इथं हमखास गफलत करतात. त्यांना वाटतं पायरी १ म्हणजे सर्वांत भयंकर त्रास. तसं नाहीये. पायरी सांगते ती आपल्या खात्रीबद्दल. पायरी १ म्हणजे पुरावा पक्का, ३ म्हणजे जरा कमी. पायरी ४ म्हणजे ‘ठरवायला पुरेशी माहिती नाही’ आणि ५ म्हणजे ‘हे अ‍ॅनाफिलॅक्सिस नव्हतं’. चौथी पायरी मला फार आवडते. माहिती नसेल तर ओढूनताणून हो किंवा नाही म्हणायचं नाही, सरळ तसं लिहायचं, यासाठी तिथं चक्क जागा राखून ठेवली आहे.

म्हणूनच टिपण महत्त्वाचं. किती वाजता टोचलं, पहिली खाज किती वाजता आली, पित्त कुठं कुठं उठलं, नाडी किती होती, हे ताईंनी कागदावर लिहून ठेवलं असेल तरच पुढच्या माणसांना पायरी ठरवता येते. रक्ताची एक तपासणीही मदत करते. मास्ट पेशींमधून हिस्टामिनबरोबर ट्रिप्टेज नावाचं प्रथिन सुटतं आणि ते काही तास रक्तात सापडतं. मात्र हे सगळं नंतरचं. अ‍ॅनाफिलॅक्सिसची शंका आली की ताईंनी अ‍ॅड्रेनलिन द्यायचं, पायऱ्या मोजत बसायचं नाही.

या मोजण्याचा उपयोग किती, ते २०२० च्या डिसेंबरात दिसलं. ब्रिटनमध्ये ८ तारखेला फायझरची करोनाची लस द्यायला सुरुवात झाली आणि लगेच दोन आरोग्य कर्मचाऱ्यांना तीव्र अ‍ॅलर्जी झाल्याची बातमी आली. दोघंही बरे झाले, पण जगभर लोक धास्तावले. अमेरिकेत १४ ते २३ डिसेंबर या दहा दिवसांत त्याच लसीचे १८,९३,३६० पहिले डोस दिले गेले. तीव्र अ‍ॅलर्जी असू शकेल अशा १७५ नोंदी डॉक्टरांनी बाजूला काढल्या आणि ब्रायटनची व्याख्या घेऊन एकेक नोंद तपासली. अ‍ॅनाफिलॅक्सिस ठरल्या फक्त २१. ८६ नोंदींत अ‍ॅलर्जी होती पण अ‍ॅनाफिलॅक्सिस नव्हतं, ६१ मध्ये अ‍ॅलर्जीच नव्हती, ७ तेव्हा तपासायच्या राहिल्या होत्या. म्हणजे दहा लाखांमागे ११. इतर लसींपेक्षा जास्त, तरी क्वचितच, आणि त्या २१ पैकी कोणीही दगावल्याचं आढळलं नाही. आणखी एक गोष्ट त्या टिपणांमधून निघाली. २१ पैकी १५ जणांचा त्रास पंधरा मिनिटांच्या आत सुरू झाला होता आणि १८ जणांचा अर्ध्या तासाच्या आत. उरलेल्या तिघांना त्यानंतर, म्हणून घरी गेल्यावरही लक्ष ठेवायचं असतं.

मोजून झालं, की आणखी एक प्रश्न उरतो. लसीतल्या नेमक्या कशाचं वावडं? गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्र लसीतले गोवर आणि गालगुंडाचे विषाणू कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर वाढवतात, म्हणून बरीच वर्षं संशय अंड्यावर होता. मग १९९३ मध्ये अमेरिकेतल्या सतरा वर्षांच्या एका मुलीची हकिगत छापून आली. ही लस घेतल्यावर तिला अ‍ॅनाफिलॅक्सिस झालं. विचारपूस चालू असताना ती सहज म्हणाली, की जेली खाल्ली तरी मला असंच काहीसं होतं. जेलीत काय असतं? जिलेटिन. आणि लसीतले विषाणू तग धरून राहावेत म्हणून त्यात काय घातलेलं होतं? जिलेटिन! तिचं रक्त तपासलं तर जिलेटिनला पकडणारी आयजीई सापडली. जपानमध्ये अशी बरीच मुलं निघाली. तिथल्या कारखान्यांनी लसींमधून जिलेटिन काढून टाकलं आणि ही प्रकरणं भराभर कमी झाली. अंड्याचं वावडं असलेल्या मुलांनाही गोवराची लस देता येते, हे आता चांगलं ठाऊक झालंय.

डॉक्टरांना वर्षानुवर्षं न सुटलेला गुंता त्या मुलीच्या एका वाक्यानं सुटला. तेव्हा तुमच्याकडेही असं एखादं वाक्य असेल तर ते पोटात ठेवू नका. लस घेतल्यावर अंग खाजलं, घसा दाटला, श्वास नीट येईना असं वाटलं, तर क्षणभरही न थांबता मोठ्यांना हाक मारा. आणि शेंगदाणा, दूध, अंडं, जेली, एखादी गोळी किंवा आधीची एखादी लस, यांतल्या कशानं तुम्हाला पूर्वी त्रास झाला असेल, तर तो टोचायच्या आधी सांगा. काय घेतलं होतं, किती वेळानं सुरू झालं आणि अंगावर कुठं काय दिसलं, एवढ्या तीन गोष्टी आज घरी आईबाबांना विचारून वहीत लिहून ठेवा आणि लसीच्या दिवशी ती वही बरोबर न्या.